रात्रीच्या अंधारात विमान आणि डोंगर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रात्रीच्या उड्डाणांबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे: एवढा मोठा डोंगर पायलटला दिसत कसा नाही? माझी सगळी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून झाली, त्यातली बरीच वर्षं मुंबईच्या रडारवर. पुढे नव्या मुलामुलींना शिकवलं. हा प्रश्न मी प्रत्येक बॅचसमोर सगळ्यात आधी मांडत असे, कारण याचं उत्तर नीट समजलं नाही तर पुढचे नियम नुसते पाठ होतात.

प्रश्न : ताई, आम्ही अॅरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. हिवाळ्यात इथली मराठी मंडळी मिळून सुपरस्टिशन माउंटन्समध्ये ट्रेकला जातो. २०११ साली थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी एक छोटं विमान याच कड्यावर आदळलं, असं तिथे कळलं. आकाश निरभ्र होतं, विमानात बिघाड नव्हता, पायलट याच भागातले. उड्डाणानंतर पाच-सहा मिनिटांत, तेही समोरचा डोंगर, कसा दिसला नाही? — एक वाचक, चँडलर, अॅरिझोना

उत्तर : तुम्ही तो डोंगर दिवसा पाहता, म्हणून तुम्हाला हे अशक्य वाटतं. अपाचे जंक्शन गावाच्या पाठीमागे सपाट वाळवंटातून तो एकदम भिंतीसारखा उठतो. दिवसा तो न दिसणं शक्यच नाही. पण २३ नोव्हेंबर २०११ च्या संध्याकाळी काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. सूर्य मावळून तास उलटला होता. अमावास्या दोन दिवसांवर होती, त्यामुळे चंद्र नव्हता. विमान होतं रॉकवेल ६९०ए, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. ते मेसा शहरातल्या फाल्कन फील्डवरून निघालं होतं आणि सॅफर्डला जाणार होतं. आत तीन मोठी माणसं आणि तीन लहान भावंडं. मुलं सणासाठी वडिलांच्या घरी निघाली होती. वडील विमानातच होते. सहापैकी कोणीही वाचलं नाही.

फाल्कन फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० फुटांवर आहे आणि डोंगराचा माथा ५,००० फुटांच्या किंचित वर. विमान साडेचार हजार फुटांवर स्थिर झालं आणि सरळ सॅफर्डच्या दिशेने निघालं. त्या सरळ रेषेत मध्ये सुपरस्टिशनचा कडा येतो. काही शे फूट उंची जास्त असती, किंवा रेषा थोडी दक्षिणेकडे असती, तर त्या कुटुंबाचा सण पार पडला असता.

विमान साडेचार हजारांवरच का राहिलं, हा खरा प्रश्न आहे. फिनिक्सच्या मोठ्या विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखं असतं. विमानतळाजवळ ते जमिनीपर्यंत खाली येतं आणि जसजसं लांब जावं तसतसा त्याचा तळ वर सरकत जातो. त्या भागात हा तळ ५,००० फुटांवर होता. त्याच्या वर जायचं तर नियंत्रकाची परवानगी लागते. खाली राहिलं तर कोणाला काही विचारावं लागत नाही. म्हणजे वर ५,००० फुटांचं अदृश्य छप्पर, आणि समोर त्याच छपराला आरपार छेदणारा डोंगर. दिवसा पायलट डोंगर बघून वळतो. त्या संध्याकाळी बघण्यासारखं काहीच नव्हतं. पाठीमागे फिनिक्सचा झगमगाट, पुढे वस्ती संपलेली, काळ्या आकाशाला लागून काळी जमीन. असं विमान मिनिटाला तीन नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर, कापतं. समोर काहीतरी आहे, अशी शंका येईपर्यंत वळायला जागा उरलेली नसते.

चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी संस्थेने मुख्य कारण दिलं ते हे: चांदणं नसलेल्या रात्री सुरक्षित मार्ग आणि सुरक्षित उंची यांचा मेळ पायलटने राखला नाही. त्याच्या जोडीला तिने आणखी तीन गोष्टी नोंदवल्या. पायलट निर्धास्त होता. त्याने रडारवरच्या नियंत्रकाची मदत मागितली नाही. आणि पुढच्या डोंगराचा इशारा देणारं यंत्र विमानात नव्हतं. तुम्ही लिहिता की पायलट याच भागातले होते. मला तर त्यातच धोका दिसतो. अनोळखी मुलखात माणूस नकाशा उघडतो. रोजच्या वाटेवर तो उघडावासा वाटत नाही.

प्रश्न : बातमीत 'दृश्यमानता उत्तम' असं असतं आणि तरी अपघात होतो. मग हवामान खात्याचा तो आकडा चुकीचा असतो का? — निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, आकडा बरोबर असतो, पण तो रात्री वेगळं काहीतरी सांगतो. दिवसा दृश्यमानता म्हणजे एखादी काळसर वस्तू किती लांबून ओळखता येते. रात्री आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ती ठरते दिव्यांवरून: साधारण १,००० कँडेलाचा (कँडेला म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजायचं एकक) दिवा किती अंतरावरून दिसतो. हवा स्वच्छ असेल तर असा दिवा कित्येक मैलांवरून दिसतो आणि नोंद होते 'दहा किलोमीटर किंवा जास्त'. पण डोंगर काही दिवा नाही. त्याच स्वच्छ हवेत तो अर्ध्या किलोमीटरवर असला तरी दिसणार नाही. 'आज रात्री झकास स्वच्छ आहे' हे वाक्य म्हणूनच मला सर्वांत फसवं वाटतं. ढग असले तर पायलट सावध होतो, यंत्रांवर उडतो, ठरलेली उंची सोडत नाही. स्वच्छ अंधारात त्याला वाटतं की आपल्याला दिसतं आहे.

डोळ्यांचं शास्त्र तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवलं असेल. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो आणि धावपट्टीच्या झगझगीत दिव्यांतून निघालेल्या पायलटजवळ तो अर्धा तास नसतो. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर नसतातच. त्यामुळे अंधारात ज्या गोष्टीकडे टक लावून बघावं तीच नाहीशी होते आणि जराशी बाजूला नजर टाकली तर तिचा आकार उमटतो. त्यात पाचेक हजार फुटांपासून वर प्राणवायू कमी झाल्याचा पहिला परिणाम रात्रीच्या नजरेवरच होतो.

एक खूण मात्र जुने पायलट नेहमी सांगतात आणि ती खरी आहे. लांबच्या गावाचे दिवे खालच्या बाजूने एकेक करून नाहीसे होऊ लागले, तर ते गाव झोपलेलं नाही. तुमच्या आणि त्या दिव्यांच्या मध्ये डोंगराची धार वर येते आहे. त्या क्षणी चढायला लागायचं किंवा मागे वळायचं, विचार नंतर करायचा. पण पलीकडे गावच नसेल तर ही खूणही नाही. सुपरस्टिशनच्या पलीकडे मैलोन्मैल रान आहे.

प्रश्न : तुम्ही स्वतः नियंत्रक होतात म्हणून विचारतो. रडारवर विमान दिसत असताना नियंत्रक पायलटला 'पुढे डोंगर आहे' असं का सांगत नाहीत? — एक वाचक, नाशिक

उत्तर : या प्रश्नाने मला झोप लागली नाही असे दिवस माझ्या आयुष्यात आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कॅलिफोर्नियात सॅन डिएगो शहराच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून ब्राउन फील्ड नावाचा विमानतळ आहे. त्याच्या पूर्वेला काही मैलांवर ओटाय माउंटन, उंची ३,५६६ फूट. या एकाच डोंगरावर, याच विमानतळावरून रात्री निघालेली दोन विमानं तेरा वर्षांच्या अंतराने आदळली.

पहिलं १६ मार्च १९९१ रोजी, मध्यरात्र उलटून पावणेदोनच्या सुमारास. हॉकर सिडली कंपनीचं छोटं जेट. रीबा मॅकएंटायर या गायिकेच्या वाद्यवृंदातली आणि ताफ्यातली आठ माणसं कार्यक्रम संपवून निघाली होती. गायिका स्वतः त्या रात्री शहरात मुक्कामाला राहिल्या होत्या. दोन पायलट धरून दहाही जण गेले. त्यांच्या मागून काही मिनिटांतच निघालेलं दुसरं विमान सुखरूप पोहोचलं.

पायलटने आधी फोनवरून माहिती देणाऱ्या केंद्राशी बोलणं केलं होतं. ईशान्येकडे जाताना ३,००० फुटांच्या खाली राहिलं तर सॅन डिएगोच्या नियंत्रित आकाशाबाहेर राहता येईल ना, असं त्याने विचारलं आणि पलीकडून होकार आला. आकाशाच्या हद्दीबद्दल तो होकार बरोबर होता. डोंगराबद्दल पायलटने विचारलं नाही आणि पलीकडच्याने सांगितलं नाही. पायलटचा बेत होता की आधी डोळ्यांच्या भरवशावर उडायचं आणि हवेत गेल्यावर यंत्रांवर उडण्याचा क्लिअरन्स, म्हणजे नियंत्रकाची परवानगी, घ्यायचा. त्याने तो मागितला तेव्हा ठरलेली वेळ टळून गेल्यामुळे त्याचा उड्डाणाचा प्लॅन संगणकातून गळून गेलेला होता. नियंत्रक तो नव्याने घालायला लागला आणि तेवढ्यात सगळं संपलं. आदळले ती जागा सुमारे ३,३०० फुटांवर आहे. इथेही वर अदृश्य छप्पर, खाली न दिसणारा डोंगर, आणि पायलटचं सगळं लक्ष छपराकडे. चौकशीत मुख्य दोष पायलटच्या नियोजनावर आणि उंची न राखण्यावर आला. सहपायलटने लक्ष ठेवलं नाही, हेही लिहिलं गेलं आणि फोनवर भूभागाची पुरेशी माहिती दिली गेली नाही, हेही.

दुसरा अपघात २४ ऑक्टोबर २००४ चा, मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाच्या आत. लिअरजेट ३५ए, रुग्णवाहिका म्हणून वापरलं जाणारं विमान. मेक्सिकोतून आणलेला रुग्ण उतरवून दोन पायलट आणि तीन वैद्यकीय कर्मचारी अल्बुकर्कीला, घरी परत निघाले होते. ढगांचा तळ २,००० फुटांच्या आसपास होता. रात्री टॉवर बंद होता. हेही डोळ्यांच्या भरवशावर निघाले आणि हवेत गेल्यावर क्लिअरन्स मागितला. नियंत्रकाने त्यांना रडारवर ओळखलं, ०२० अंशांचं हेडिंग, म्हणजे उडायची दिशा, दिली, डोळ्यांच्या नियमांनीच उडत राहा असं सांगितलं, आणि ५,००० फुटांच्या वर गेल्यावर पुढचा क्लिअरन्स मिळेल असं कळवलं. त्या हेडिंगवर ओटाय माउंटन होता. नियंत्रकाच्या यंत्रणेने कमी उंचीचा इशाराही दिला. तो विमानापर्यंत पोहोचलाच नाही. पाचही जण गेले.

नाशिककर वाचका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या संवादात आहे. 'डोळ्यांच्या नियमांनी उडत राहा' याचा कायद्याने अर्थ असा की डोंगर टाळणं पायलटचं काम. पण त्याच दमात नियंत्रक दिशा देतो, तेव्हा दमलेल्या पायलटला वाटतं की आता रडारवाला आपल्याला बघतो आहे, त्याने दिलेली दिशा सुरक्षितच असणार. नियंत्रकाला वाटतं की तो बाहेर बघून उडतो आहे, त्याला डोंगर दिसत असणार. दोघांनीही डोंगर एकमेकांच्या हवाली केला. चौकशीत पायलटांबरोबर नियंत्रकावरही स्पष्ट ठपका आला: त्याने दिलेल्या सूचनेमुळे जबाबदारी त्याच्याकडे आली होती आणि ती त्याने निभावली नाही. पायलटांच्या थकव्याचीही नोंद झाली.

मी हे नियंत्रकाच्या बाजूने लिहीत नाही. मी वर्गात मुलांना उभं करून त्यांच्याकडून एक वाक्य म्हणून घ्यायचे: 'मी दिशा दिली, तर उंचीही माझी.' रात्री एखादं छोटं विमान कमी उंचीवर असेल आणि तुम्ही त्याला वळवत असाल, तर वळवण्याआधी त्या बाजूची किमान सुरक्षित उंची बघा. तो त्या उंचीच्या खाली असेल तर पहिलं वाक्य डोंगराबद्दलच असलं पाहिजे. शिष्टाचार, क्लिअरन्स, संगणक, सगळं नंतर. मुंबईच्या रडारवर पूर्वेचं विमान खाली आणताना माथेरान, मलंगगड आणि त्यामागचा सह्याद्री पडद्यावर नसला तरी डोक्यात असावा लागतो.

मात्र रडारला मर्यादा आहेत. डोंगराआड, दरीत, कमी उंचीवर रडारला विमान दिसतच नाही. आणि ज्याने रेडिओवर संपर्कच केला नाही, त्याला सांगणार कसं? सुपरस्टिशनच्या विमानाला कोणी सावध केलं नाही, कारण त्याने मदत मागितलेली नव्हती. ती मदत फुकट असते. एक हाक मारली की मिळते.

प्रश्न : मोठ्या विमानात 'पुल अप' (वर चढा) असं ओरडणारं यंत्र असतं म्हणे. ते छोट्या विमानात का नसतं? आणि डोंगरांवर सरळ दिवेच का लावत नाहीत? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

उत्तर : दिव्यांचं आधी. विमानांच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेत हवाई मार्गांवर, डोंगरमाथ्यांवरसुद्धा, फिरते दिवे बसवले होते. मॉन्टाना राज्यात असे काही दिवे अगदी अलीकडेपर्यंत जळत होते. पण ते वाट दाखवायला होते. सह्याद्रीची किंवा हिमालयाची प्रत्येक धार उजळणं शक्य नाही, आणि अर्धवट उजळली तर जिथे दिवा नाही तिथे डोंगर नाही, असा समज होईल.

यंत्राची गोष्ट मोठी आहे. कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांनी आयुष्य याच एका कामाला दिलं. त्यांचं पहिलं यंत्र विमानाखालच्या जमिनीचं अंतर रेडिओ लहरींनी मोजायचं आणि जमीन वेगाने जवळ येऊ लागली की ओरडायचं. हे यंत्र खाली बघतं, समोर बघत नाही. उभा कडा असेल तर खालची जमीन शेवटच्या क्षणापर्यंत लांबच असते. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री कोलंबियात काली शहराकडे उतरणारं बोइंग ७५७ डोंगरावर आदळलं. १६३ पैकी फक्त चार जण जगले. यंत्र ओरडलं होतं, पण दहा-बारा सेकंद आधी. बेटमन यांचं पुढचं यंत्र वेगळं होतं. त्यात सगळ्या जगाच्या भूभागाचा नकाशा भरलेला, विमान कुठे आहे हे माहीत, त्यामुळे समोरचा डोंगर त्याला मिनिटभर आधी कळतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे बनवलेले नकाशे त्यांच्या चमूने विकत घेऊन त्यात घातले. बेटमन २०२३ साली वारले. मला विचाराल तर त्यांच्या इतके प्रवाशांचे प्राण क्वचितच कोणी वाचवले असतील.

अमेरिकेत सहा किंवा जास्त प्रवासी आसनांच्या टर्बाइन इंजिनाच्या विमानांना २९ मार्च २००५ पासून असं यंत्र सक्तीचं झालं. ओटायचा दुसरा अपघात या तारखेच्या पाच महिने आधीचा आहे. त्याहून लहान विमानांना सक्ती नाही. आज टॅबलेटवरच्या नकाशातही पुढचा डोंगर लाल रंगात दिसतो आणि छोट्या विमानांसाठी ती मोठीच सोय आहे. तुम्ही अभियंता होणार आहात म्हणून सांगते: हे यंत्र अजून स्वस्त, अजून हलकं करण्यासारखं काम शिल्लक आहे.

प्रश्न : माझे आजोबा सांगायचे की जुन्नरच्या डोंगरात त्यांच्या तरुणपणी परदेशी विमान पडलं होतं. ते खरं का? तेही असंच झालं होतं का? — एक वाचक, जुन्नर

उत्तर : अगदी खरं आहे. ७ जुलै १९६२, मध्यरात्रीनंतरची वेळ, ऐन पावसाळा. इटलीच्या अलितालिया कंपनीचं सिडनीहून रोमकडे निघालेलं डीसी-८ बँकॉकहून मुंबईला उतरायला येत होतं. ते छोटं विमान नव्हतं, मोठं जेट होतं. ९४ जण होते, सगळे गेले. पायलटला वाटलं की मुंबई जवळ आली, म्हणून त्यांनी उंची सोडली. प्रत्यक्षात मुंबई अजून ८०-८५ किलोमीटर पुढे होती आणि मध्ये आपला सह्याद्री होता. आदळलं ती जागा सुमारे ३,६०० फुटांवर. मार्गावरची किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही, उपलब्ध साधनांवरून जागेची खातरजमा केली गेली नाही, आणि पायलटला हा भूभाग ओळखीचा नव्हता, असं चौकशीत निघालं. ओटाय आणि सुपरस्टिशनच्या पायलटांचा भरवसा डोळ्यांवर होता, इथे अंदाजावर होता.

आजोबांनी आणखी काही सांगितलं असेल, कोण मदतीला गेलं, पावसात वर कसे चढले, तर ते लिहून ठेवा. अशा अपघातांत पहिले पोहोचतात ते गावकरीच, आणि चौकशीच्या कागदात त्यांची गोष्ट येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारामतीला विमान चालवायला शिकते आहे. लवकरच तिची रात्रीची उड्डाणं सुरू होतील. तुमचं मागचं लेखन वाचल्यापासून मला धास्ती वाटते. तिला काय सांगू? — एक आई, फलटण

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट ऐकून निश्चिंत व्हा. अमेरिकेत डोळ्यांच्या भरवशावर रात्री एका गावाहून दुसऱ्या गावाला जाता येतं. सुपरस्टिशनचं विमान नियमातच बसत होतं. आपल्याकडे असं उड्डाण सूर्यास्तानंतर करता येत नाही. अपवाद आहे तो विमानतळाजवळच्या स्थानिक उड्डाणांचा आणि फ्लाइंग क्लबच्या सरावाचा, तोही नियंत्रकाच्या परवानगीने. तुमची लेक सुरुवातीला धावपट्टीभोवती फेऱ्या मारून उतरण्या-चढण्याचा सराव करील, सोबत इन्स्ट्रक्टर असतील, खाली दिवे असतील.

हा नियम जाचक आहे अशी तक्रार पायलट मंडळी करतात. मला तो पटतो. आपल्याकडे मोठ्या शहरांपासून दूर रात्री रडारची मदत प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही आणि पश्चिम महाराष्ट्रात तर कुठल्याही दिशेला गेलं तरी थोड्या वेळात डोंगर येतो. कळसूबाई ५,४०० फूट आहे. साडेचार हजारांवरून जाणाऱ्या विमानाला तो सुपरस्टिशनइतकाच आडवा येईल.

पण परवाना हातात आल्यावर ती कुठे उडेल हे आज तुम्हाला माहीत नाही. उद्या ती अमेरिकेत उड्डाणाचे तास भरायला गेली तर तिथले नियम तिला रात्री मोकळं सोडतील. म्हणून सवय आत्ताच लागली पाहिजे. तिला सांगा, रात्रीच्या प्रत्येक उड्डाणाआधी मार्गाच्या दोन्ही बाजूंचा नकाशा बघून सर्वांत उंच जागा शोधायची. डोंगराळ मुलखात तिच्यावर निदान २,००० फूट जोडायचे. यंत्रांवर उडणाऱ्यांना हाच नियम असतो, आणि रात्री डोळे असून नसल्यासारखेच आहेत, म्हणून तो आपणही पाळायचा. निघणारा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचा. त्या उंचीवर पोहोचेपर्यंत विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालत चढायचं, डोंगराकडे तोंड करायचं नाही. वर नियंत्रित आकाश आडवं येत असेल तर परवानगी मागायची. नाही मिळाली तर लांबून जायचं, किंवा त्या रात्री जायचंच नाही. परवानगी न मिळाल्याने कोणी मेलं नाही, ती टाळायला खाली राहिल्याने माणसं गेली आहेत. एनटीएसबीने २००८ साली खास पायलटांसाठी सूचना काढली, तिचं सारही असंच होतं: स्वच्छ रात्री डोळ्यांच्या भरवशावर उडणारे अनुभवी पायलट डोंगरांवर आदळत आहेत आणि हे टाळता येण्यासारखं आहे.

आणि घरच्यांसाठी एक. मुलगी कधी म्हणाली की आज रात्री निघायचं रद्द केलं, सकाळी येते, तर सणासुदीचा दिवस असला तरी तिला एका शब्दाने बोलू नका. 'सगळे वाट बघताहेत' हे वाक्य फोनवर येऊ देऊ नका. ओटायला कार्यक्रम संपवून निघालेली माणसं होती, रुग्ण पोहोचवून परतणारी माणसं होती, सुपरस्टिशनला सणाला निघालेली मुलं होती. प्रत्येकाला त्या रात्रीच कुठेतरी पोहोचायचं होतं.

तिच्या इन्स्ट्रक्टरना माझ्यातर्फे एक विचारा: बारामतीच्या पंचवीस मैलांच्या परिघात रात्रीची किमान सुरक्षित उंची ते विद्यार्थ्यांकडून तोंडपाठ म्हणवून घेतात का? लेकीलाही विचारा. उत्तर आलं की मला कळवा. इतर फ्लाइंग स्कूलमधल्या मुलामुलींनीही आपापल्या धावपट्टीचा आकडा पाठवावा, पुढच्या अंकात ते नकाशासह छापू.